टूसॉनचे अठरा हजार दिवे: एलईडी आले, तारे किती परत आले?

ॲरिझोनातल्या टूसॉन शहराने २०१७ च्या मध्यापर्यंत आपले जवळपास सगळे सोडियमचे पथदिवे उतरवले आणि त्या जागी पांढरे एलईडी चढवले. अशी बातमी कानावर आली की आकाश पाहणारा माणूस कपाळाला हात लावतो. पिवळ्या दिव्यांच्या काळात निदान कृत्तिका मोजता यायच्या, पांढरे दिवे आले आणि त्याही गेल्या, ही तक्रार आपण सगळ्यांनीच ऐकलेली किंवा केलेली असते. टूसॉनमध्ये तसं झालं नाही. पण फार काही चांगलंही झालं नाही, आणि हे प्रकरण मला सांगावंसं वाटतं ते या दुसऱ्या वाक्यासाठी.

आधीचं शहर

दिव्यांच्या बाबतीत टूसॉन चारचौघांसारखं शहर नाही. त्याच्या नैऋत्येला, रस्त्याने सुमारे ९० किलोमीटरवर किट पीकची वेधशाळा आहे. ही जागा १९५८ साली निवडली गेली आणि १९७३ पासून तिथे चार मीटर आरशाची मेयॉल दुर्बीण काम करते आहे. माउंट लेमन, माउंट हॉपकिन्स अशा आसपासच्या इतर डोंगरांवरही दुर्बिणी आहेत. बाहेरच्या दिव्यांबाबतचा पहिला नियम शहराने १९७२ मध्येच केला. किट पीकवरचे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड क्रॉफर्ड आणि पेशाने डॉक्टर असलेले हौशी निरीक्षक टिम हंटर या दोघांनी १९८८ साली अंधाऱ्या आकाशासाठीची आंतरराष्ट्रीय संघटना सुरू केली, तीही याच शहरात.

त्यामुळे बदलाच्या आधीही इथले पथदिवे वरून पूर्ण झाकलेले होते. ही गोष्ट पुढच्या सगळ्या आकड्यांसाठी महत्त्वाची आहे. ज्या शहरात काचेचे गोळे किंवा तिरपे बसवलेले दिवे असतात, तिथे दिवा बदलताना वर जाणारा उजेड आपोआप थांबतो आणि श्रेय एलईडीला मिळतं. टूसॉनमध्ये ही फुकटची कमाई शिल्लकच नव्हती. जो काही फरक पडायचा तो उजेडाचा रंग आणि उजेडाचं प्रमाण या दोनच गोष्टींमुळे पडणार होता. अभ्यासाला याहून स्वच्छ प्रकरण मिळणं कठीण.

जुन्या दिव्यांत दोन जाती होत्या: उच्च दाबाचे सोडियम आणि कमी दाबाचे सोडियम. कमी दाबाचा सोडियम दिवा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्याचा उजेड जवळपास एकाच रंगाचा असतो, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन चिकटलेल्या रेषा. त्याखाली लाल गाडी मातकट दिसते आणि निळा सदरा काळा. माणसांना तो कधी आवडला नाही, खगोलशास्त्रज्ञांना मात्र जीव की प्राण. वर्णपटाचा तेवढाच तुकडा सोडून द्यायचा, बाकी सगळा आपला.

पांढऱ्या उजेडाची अडचण

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. आतली चिप ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देते, तिच्यावरचा फॉस्फरचा थर त्यातल्या काही प्रकाशाचं पिवळ्या-तांबड्यात रूपांतर करतो, आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. थर जाड असेल तर निळा कमी उरतो आणि उजेड उबदार वाटतो. ३००० केल्विन म्हणजे असा उबदार पांढरा, ४००० म्हणजे दुधी, ५००० च्या पुढे निळसर. आकडा वाढला की उजेड ‘थंड’ होत जातो, ही या मापाची गंमत.

हवेचे रेणू प्रकाश विखुरतात ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. दिवसा आकाश निळं दिसतं ते यामुळेच. ५८९ भागिले ४५०, उत्तराचा चौथा घात: सुमारे २.९. म्हणजे सोडियमच्या पिवळ्यापेक्षा एलईडीतला निळा भाग जवळपास तिप्पट विखुरला जातो. दिव्याचा सगळा उजेड निळा नसतो, त्यामुळे एकूण परिणाम तिप्पट होत नाही. पण त्यात एक दुसरा घटक मिसळतो, आणि तो लोकांच्या बोलण्यात फारसा येत नाही. तो म्हणजे आपलाच डोळा.

दिवा किती उजेड देतो ते लुमेनमध्ये मोजतात, आणि हे माप दिवसाच्या डोळ्यासाठी ठरवलेलं आहे. दिवसा आपण शंकुपेशींनी पाहतो आणि त्यांची सर्वाधिक संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला, हिरव्या-पिवळ्यात असते. अंधाराला डोळा सरावला की दंडपेशी काम हाती घेतात, आणि त्यांचं शिखर ५०७ ला, म्हणजे निळ्याकडे सरकलेलं असतं. त्यामुळे दोन दिव्यांचे लुमेन अगदी सारखे असले, तरी अंधाराला सरावलेल्या डोळ्याला ते सारखे नसतात. रात्रीच्या डोळ्याला जाणवणारा उजेड भागिले दिवसाच्या डोळ्याला जाणवणारा, हे रात्र-दिवस गुणोत्तर उच्च दाबाच्या सोडियमसाठी ०.६ च्या आसपास, तर ३००० केल्विनच्या एलईडीसाठी साधारण १.२. सरळ दुप्पट. कमी दाबाच्या सोडियमचं गुणोत्तर तर याहून बरंच खाली.

याचा अर्थ असा की ‘जेवढे लुमेन होते तेवढेच ठेवले’ असं म्हणणारं शहर कागदावर खरं बोलत असतं. पण त्याच्या आकाशाचा उजेड तारे पाहणाऱ्याच्या डोळ्याला दुप्पट, आणि विखुरणं धरलं तर त्याहूनही जास्त होतो. हौशी निरीक्षकांचा अनुभव खोटा नव्हता, त्यांचं मोजमापच वेगळं होतं.

अंतराचीही एक मेख आहे. निळा प्रकाश जास्त विखुरतो म्हणजेच तो वाटेत लवकर संपतो. लांबच्या डोंगरावर पोहोचेपर्यंत त्याचा जोर बराच ओसरलेला असतो. सगळ्यात जास्त फटका बसतो तो शहरात किंवा शहराच्या वेशीवर, गच्चीवर छोटी दुर्बीण लावणाऱ्याला. वेधशाळांसाठी केलेल्या नियमांकडे त्याने फार आशेने पाहू नये, असं मला वाटतं.

लुमेनला लावलेली कात्री

टूसॉनने ३००० केल्विनचे, पूर्ण झाकलेले, मंद करता येणारे एलईडी निवडले. यातला केल्विनचा आकडा सगळे सांगतात. पण खरा निर्णय दुसराच होता. जुन्या दिव्यांचा एकूण उजेड होता ४४.५ कोटी लुमेन. नव्यांचा ठेवला सुमारे १४.२ कोटी. दोन-तृतीयांशाहून जास्त कपात.

एवढी कात्री लावूनही रस्ते काळोखात का बुडाले नाहीत? जुन्या सोडियम दिव्यात उजेड चहूकडे फेकला जायचा आणि आरशाने कसाबसा खाली वळवला जायचा. खांबाखाली लख्ख डबकं आणि दोन खांबांच्या मध्ये अंधार. शिवाय जुना दिवा वर्षागणिक मंदावतो हे गृहीत धरून तो सुरुवातीला गरजेपेक्षा प्रखर बसवायची रीत होती. एलईडीत बारीक भिंगांनी उजेड हवा तिथेच टाकता येतो. आणि पांढऱ्या उजेडात डोळ्याच्या कडेने जास्त बरं दिसतं, म्हणजे दंडपेशींचा जो गुण आकाशाला मारक ठरतो तोच रस्त्यावर उपयोगी पडतो. हा फायदा बहुतेक शहरं ‘आता आणखी छान दिसतं’ म्हणून खिशात घालतात. टूसॉनने तो लुमेन कमी करण्यात खर्च केला.

वरचं गुणोत्तर इथे लावून पाहू. जुने: ४४.५ गुणिले ०.६, म्हणजे सुमारे २६.७. नवे: १४.२ गुणिले १.२, म्हणजे सुमारे १७. अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या हिशेबाने कपात ६८ टक्क्यांची न राहता ३६ टक्क्यांवर येते. हा ढोबळ आकडेमोडीचा खेळ आहे. जुन्यात कमी दाबाचे दिवेही होते, त्यामुळे खरी कपात आणखी कमीच. तरी एक गोष्ट कळते. लुमेन निम्मे केले असते तर आकाशाच्या दृष्टीने हिशेब जेमतेम बरोबरीत सुटला असता. निम्म्याच्या खाली गेल्यावर पहिला पैसा हातात पडतो.

मग मोजलं तेव्हा

संशोधकांनी बदलाच्या आधी, २०१४ मध्ये, शहरात आणि आसपास १५ ठिकाणांहून आकाशाचा उजेड मोजून ठेवला होता. डोळ्यांनी अंदाज घेतले आणि संपूर्ण आकाशाची मोजमाप करता येईल अशी छायाचित्रं काढली. २०१७ च्या मध्यावर, सुमारे १८,००० पैकी ९५ टक्के दिवे बदलून झाल्यावर, पुन्हा मोजलं. संगणकावरच्या प्रारूपांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आकाशाचा उजेड १० ते २० टक्क्यांनी उतरायला हवा.

प्रत्यक्षात जिथे मापं नीट मिळाली तिथे फरक किरकोळ निघाला, कुठेही २० टक्क्यांच्या पुढे नाही, ना वर ना खाली. उपग्रहाला दिसणारा शहराचा वर येणारा उजेड मात्र सुमारे ७ टक्क्यांनी घटला होता. अभ्यासकांनी स्वतःच लिहिलं की हे निष्कर्ष निर्णायक नाहीत, पण मंद करण्याची जोड दिलेला एलईडी बदल आकाशाचा उजेड कमी करू शकतो असं सुचवणारे आहेत.

मला हा प्रामाणिकपणा आवडला. कारण अशा मोजणीत पाय घसरायला जागा पुष्कळ. एक तर तीन वर्षांत शहर थांबून राहत नाही. दुकानं, आवारं, फलक वाढतात आणि तेही एलईडीवर जातात. दुसरं, २०१४ हे सौरचक्राचं शिखरवर्ष होतं. सूर्य जोरात असला की वरच्या वातावरणाची नैसर्गिक दीप्ती वाढते, म्हणजे दिव्यांशिवायचं आकाशही थोडं उजळ असतं. भर शहरात हे जाणवत नाही, पण वेशीबाहेरच्या ठिकाणी ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या तुलनेत ते गुपचूप शिरू शकतं.

तिसरी गोष्ट उपग्रहाची. हे मोजमाप ज्या यंत्राने होतं, सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या त्या यंत्राला साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटरमधलंच दिसतं. एलईडीचा ४५० चा निळा डोंगर त्याच्या नजरेच्या बाहेर आहे. सोडियम जाऊन एलईडी आला की त्याला शहर मंद झाल्यासारखं वाटतं, जरी खाली उभ्या माणसाला ते झगझगीत झालेलं दिसत असलं तरी. कोणी उपग्रहाचा नकाशा पुढे करून ‘आमचं प्रकाश प्रदूषण घटलं’ असं सांगितलं, तर आधी विचारावं: दिव्यांचा रंग मध्ये बदलला का?

आता त्या ७ टक्क्यांचं निरीक्षकाच्या भाषेत काय होतं ते पाहू. तारे आणि आकाश किती उजळ आहेत ते खगोलात ‘प्रत’ या मापाने सांगतात. हे माप लॉगरिदमी असतं, म्हणजे उजेड ठराविक पटीने बदलला की प्रत ठराविक आकड्याने सरकते. ७ टक्के घट म्हणजे सुमारे ०.०८ प्रत. हौशी लोक वापरतात तो हातात धरायचा आकाशमापक सुमारे १० टक्क्यांपर्यंतच भरवशाचा. म्हणजे हा फरक आपल्या यंत्राच्या चुकीतच बुडून जातो. डोळ्याचं तर नावच नको. मृगातला तेजोमेघ काल जेवढा दिसत होता तेवढाच आज दिसणार. पूर्ण झाकलेले दिवे, उबदार रंग, दोन-तृतीयांश कपात, मध्यरात्रीनंतर आणखी मंद: सगळं शहाण्यासारखं केलं, आणि पदरात पडलं ते डोळ्याला न दिसणारं सुख. इथे दोष एलईडीचा नव्हता. मग कुठे गेला फायदा?

२०१९ च्या त्या दहा रात्री

याचं उत्तर शहराने स्वतःच दिलं, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात देखणा भाग हाच. दूरनियंत्रित एलईडी असल्यामुळे शहरभरच्या दिव्यांवर एक प्रयोग करता आला, जो सोडियमच्या काळात अशक्य होता. नेहमी हे दिवे संध्याकाळी ९० टक्क्यांवर असतात आणि मध्यरात्री ६० टक्क्यांवर येतात. २०१९ मध्ये सलग दहा रात्री मध्यरात्रीचं हे ठरलेलं वेळापत्रक बदललं गेलं: काही रात्री दिवे ३० टक्क्यांवर आणले, काही रात्री पूर्ण १०० वर नेले. उपग्रह रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. पथदिवे किती हलवले हे माहीत, शहराचा एकूण उजेड किती हलला हे उपग्रहाने पाहिलं. दोन्ही जुळवलं की त्यात पथदिव्यांचा वाटा किती ते निघतं.

वाटा निघाला १३ टक्के. म्हणजे मध्यरात्रीनंतर वरून दिसणाऱ्या उजेडातले १०० पैकी ८७ भाग पथदिव्यांचे नव्हतेच.

ते कोणाचे? मोकळ्या पडलेल्या वाहनतळांचे, बंद दुकानांच्या दर्शनी भागांचे, जाहिरात फलकांचे, क्रीडांगणांचे, घरांच्या बाहेरच्या ‘सुरक्षेच्या’ दिव्यांचे. या दिव्यांना कोणी एक मालक नाही, एक वेळापत्रक नाही, आणि बऱ्याचदा छत्रीही नाही. दिवे नेहमीसारखे मंद केले नसते तर पथदिव्यांचा वाटा १८ टक्के झाला असता, असंही अभ्यासकांनी सांगितलं. हे घरी ताडून पाहता येतं: ६० चे ९० केले की १३ चे १९.५ होतात, ८७ मध्ये ते मिळवले की १०६.५, त्यात १९.५ म्हणजे १८ टक्के आणि थोडं वर.

याच रीतीने पुढचा, जरा निराश करणारा हिशेब. शहराने रात्री दीड वाजता एकूणएक पथदिवा बंद केला, तर वरून दिसणारा उजेड १०० वरून ८७ वर येईल. प्रतीत ०.१५. आकाशगंगा त्याने परत येत नाही.

इथे दोन पावलं मागे यावं लागतं. वरून दिसणारा उजेड आणि खालून दिसणारं आकाश एकच नसतं. उपग्रहाला निळं दिसत नाही हे आधी म्हटलंच आहे, त्यामुळे पांढऱ्या पथदिव्यांचा खरा वाटा १३ पेक्षा थोडा जास्त असू शकेल. आणि हे टूसॉन आहे, जिथे पथदिवे आधीच झाकलेले आणि मंद आहेत. जिथे ते तसे नाहीत तिथे वाटा मोठा असणार. टूसॉनचा १३ टक्के हा आकडा उचलून दुसऱ्या शहराच्या सभेत ‘पथदिव्यांनी काही बिघडत नाही’ म्हणून वापरणं ही लबाडी ठरेल. उलट पथदिवे नीट केले तर ते एवढे मागे पडू शकतात, असा त्याचा अर्थ.

आणखी एक बारीक पण बोलकी बाब: त्या दहा रात्रींत दिवे ३० टक्क्यांवर उतरले होते तेव्हाही शहराकडे त्याबद्दल तक्रार आली नाही.

गच्चीवरून पाहिलं तर

या प्रकरणाला जगाच्या आकड्यांशेजारी ठेवलं की ते जास्त बोचतं. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१,३५१ निरीक्षणांवरून (मृगासारख्या तारकासमूहात किती तारे दिसतात ते नकाशाशी ताडून पाहायचं, एवढी सोपी रीत) २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजेड सरासरी दरवर्षी ९.६ टक्क्यांनी वाढत गेला, असा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या वेगाने आठ वर्षांच्या आत उजेड दुप्पट होतो. उपग्रहाने मात्र २०१२ ते २०१६ दरम्यान एकूण उजेडात वर्षाला १.८ टक्के वाढ दाखवली होती. दोन्हीमधली दरी बघा. ती सगळी नसली तरी बरीचशी निळ्या उजेडाची आणि आडव्या पसरणाऱ्या उजेडाची आहे, असं मानायला जागा आहे: पहिला उपग्रहाला दिसत नाही, दुसरा वरून नीट कळत नाही. टूसॉनची ७ टक्क्यांची कमाई आणि ९.६ टक्क्यांची वार्षिक वाढ ही वेगवेगळ्या फुटपट्ट्यांवरची मापं आहेत, थेट वजाबाकी करू नये. पण शेजारी ठेवल्यावर कोणाचा श्वास आधी संपेल ते दिसतंच.

हौशी छायाचित्रकारांना आणखी एक किंमत मोजावी लागते. सोडियमच्या काळात दुर्बिणीला एक चांगली गाळणी लावली की पिवळा पट्टा अडायचा आणि तेजोमेघांच्या स्वतःच्या रेषा, ऑक्सिजनची ५०१ आणि हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची, आत यायच्या. एलईडीचा उजेड सलग पट्ट्यासारखा सगळीकडे पसरलेला असतो. त्याला अडवायचं तर अतिशय अरुंद गाळणी लागते, आणि ती तेजोमेघापुरतीच कामाची. देवयानीसारख्या दीर्घिकेचा उजेड हा ताऱ्यांचा, म्हणजे तोही सलग पट्टाच. दिव्यातून दीर्घिका वेगळी काढणारी गाळणी नसते.

मग टूसॉनचं प्रकरण यशाचं की अपयशाचं? मी ते यशाच्या खात्यात टाकतो, कारण तेच १८,००० दिवे लुमेनला लुमेन ठेवून ४००० केल्विनचे बसवले असते तर काय झालं असतं ते वरच्या गुणाकारातून दिसतं. आकाश बिघडलं नाही, हे इथलं यश. पण ते जपणाऱ्यांनी पुढची भांडणं केल्विनवर घालण्यापेक्षा लुमेनवर आणि वेळापत्रकावर घालावीत. शहराच्या निविदेत ‘३००० केल्विन’ लिहून घेणं सोपं असतं, कारण तो एक आकडा आहे आणि दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो. ‘आधीच्या निम्म्यापेक्षा कमी लुमेन’ लिहून घेणं अवघड, कारण त्याआधी जुन्या दिव्यांचे लुमेन कोणी तरी मोजलेले असावे लागतात. टूसॉनकडे ते मोजलेले होते.

आणि उरलेले ८७ भाग? त्यांच्यासाठी एक छोटं निरीक्षण सुचवतो. जिथे पथदिवे मध्यरात्री मंद होतात अशा गावात निरभ्र, चंद्र नसलेल्या रात्री पावणेबारा ते सव्वाबारा आकाशमापक ख-मध्याकडे, म्हणजे थेट डोक्यावर, रोखून ठेवायचा आणि दर मिनिटाला आकडा लिहायचा. टूसॉनच्या प्रमाणात गणित केलं तर बाराच्या ठोक्याला पायरी उतरेल सुमारे ०.०७ प्रतीची, ती दिसलीच तर सरासरी काढल्यावर दिसेल. मग तीच नोंद पहाटेपर्यंत चालू ठेवायची आणि आजूबाजूचं एकेक आवार, एकेक फलक कधी विझतो ते शेजारच्या रकान्यात लिहायचं. बहुतेकांचा तो रकाना रिकामाच राहील.